गुरांचा डॉक्टर, त्याचें घर आणि त्याचें विमान

गुरांच्या डॉक्टरानें विमान बाळगावें, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांस चैनीची वाटेल. ज्या धंद्यांत खांद्यापर्यंत हात शेणांत घालून काम करावयाचें, त्या धंद्यांतील मनुष्याला आकाशांत फिरण्याची हौस कशाला, असें मनांत येणें साहजिक आहे. परंतु अमेरिकेच्या मध्यभागीं जीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत, तेथें असे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धापासून होत आले आहेत व आजहि आहेत. पहांटे विमान काढून शंभरदीडशें किलोमीटरांवरील कळपाकडे जावयाचें, दिवसभर गाई तपासावयाच्या, आणि दिवस मावळण्यापूर्वीं घरीं परतून मुलांबाळांत जेवावयास बसावयाचें, असा त्यांचा क्रम. घर आणि विमान ह्या दोहोंवर ह्या माणसांचा जीव, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ह्या आयुष्यक्रमाकडे आम्ही केवळ एक नवल म्हणून पाहत नाहीं. खेड्यांत गुरांचा डॉक्टर टिकतो कशानें आणि तेथून उठून जातो कशानें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांत बरेंचसें सांपडतें असें आमचें मत आहे. आणि तें उत्तर औषधांत किंवा पगारांत जितकें आहे, त्याहून अधिक डॉक्टराच्या घरच्या संध्याकाळीं सांपडावयाचें आहे.

प्रथम मुलुख कसा आहे तें पाहूं. नेब्रास्का राज्याचा सुमारें चौथा हिस्सा वाळूच्या टेकड्यांनीं व्यापलेला असून त्यास सँडहिल्स म्हणतात. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याएवढें. वाळू म्हटली तरी ती उघडी नाहीं. तिजवर दाट गवत वाढलेलें असून त्या गवताच्या मुळांनींच टेकड्या जागच्या जागीं धरून ठेविल्या आहेत. तें गवत एकदां नांगरानें उलथलें कीं वाऱ्याबरोबर जमीन चालूं लागते. १९०४ सालच्या एका कायद्यानें सरकारनें येथें ६४० एकरांचे तुकडे वसाहतवाल्यांस दिले. त्यांपैकीं ज्यांनीं नांगर घातला त्यांतील पुष्कळांस थोड्याच वर्षांत गांठोडें बांधून परत जावें लागलें. जे राहिले ते गुरें पाळून राहिले.

ह्या मुलखांतील चेरी नांवाची कौंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्हाच म्हणाना, सुमारें १५,५०० चौरस किलोमीटरांची आहे. आपला पुणें जिल्हा साधारण तेवढाच. परंतु पुणें जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ९४ लाखांवर माणसें होतीं. चेरी कौंटींत २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें साडेपांच हजार! उलट वासरांसाठीं राखलेल्या गाई तेथें दीड लाखांहून अधिक आहेत, आणि अमेरिकेंतील दुसऱ्या कोणत्याहि कौंटींत अशा गाई इतक्या नाहींत. हा सारा धंदा मांसाचा आहे व तो आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु प्रस्तुत विषय, गाय अडली असतां तिच्यापर्यंत जाणता मनुष्य वेळेवर पोंचतो कसा, एवढाच आहे. आणि अडलेल्या गाईची वेदना तेथें व येथें एकच.

हमरस्ते ह्या मुलखांत मोजके. बाकी वाळूंतून गेलेल्या चाकोऱ्या. एका घरापासून दुसरें घर दहापंधरा किलोमीटरांवर असलें तर तो शेजार समजला जातो. डॉक्टर राहतो तें गांवहि लहानच. चेरी कौंटीचें मुख्य ठाणें जें व्हॅलेंटाइन, त्याची वस्ती तीन हजारांच्या आंत आहे. दीडशें किलोमीटरांवरील कळपाकडून बोलावणें आलें, तर मोटारीनें जाण्यास अडीच तास, येण्यास तितकेच, आणि वाटेंत कुरणाकुरणाचीं फाटकें उतरून उघडावीं व पुन्हां लावावीं लागतात तें निराळेंच. सेसना १७२ ह्या जातीचें चार माणसांचें लहान विमान तेंच अंतर पाऊण तासांत तोडतें. हें विमान १९५६ पासून विक्रीस आहे व ह्या जातीचीं जितकीं विमानें आजवर बांधलीं गेलीं, तितकीं दुसऱ्या कोणत्याहि जातीचीं बांधलीं गेलीं नाहींत. तासाला तीसएक लिटर पेट्रोल तें खातें. उतरण्याची जागा म्हणजे कुरणांतील गवत कापून सारखी केलेली पट्टी आणि वारा कोणीकडून आहे हें दाखविणारी काठीवरची कापडी नळी. पट्टीवर गुरें उभीं असलीं तर विमान एकवार खालून फिरवून तीं हांकलावीं लागतात, आणि मग उतरावें लागतें. आमच्याकडे एस.टी.च्या गाडीपुढें म्हशी बसतात, त्यांतलाच हा प्रकार.

जाण्यायेण्यांत साडेतीन तास वांचले. त्या साडेतीन तासांचें डॉक्टर काय करतो? कधीं आणखी एक कळप तपासतो, आणि कधीं घरीं लवकर येतो. विमानाच्या खर्चाचा हिशेब मांडणारे लोक पेट्रोल, दुरुस्ती, विमा व वार्षिक तपासणी ह्यांचे आंकडे एका बाजूस लिहितात व दुसऱ्या बाजूस वाढलेली फी लिहितात. आमच्या मतें दुसऱ्या बाजूस ह्या घरच्या तासांचीहि रक्कम मांडली पाहिजे; नाहीं तर हिशेब खोटा ठरतो.

हा प्रघात पडला कसा, तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९४४ सालीं ओक्लाहोमा राज्यांतील विमान बाळगणारे शेतकरी एकत्र आले व त्यांतून ‘फ्लाइंग फार्मर्स’ म्हणजे उडत्या शेतकऱ्यांची संघटना निघाली. पुढें ती अमेरिकाभर व कानडा देशांतहि पसरली. तिच्या मेळाव्यांना शेतकरी बायकामुलांसह येत, हें लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे. त्याच सालच्या जून महिन्यांत युद्धावरून परतणाऱ्या शिपायांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा असा कायदा झाला. त्या पैशानें कित्येक शेतकऱ्यांचीं मुलें पशुवैद्यकाच्या कॉलेजांत गेलीं, आणि त्याच पैशानें कित्येकांनीं विमान चालविण्याचे धडेहि घेतले. पाइपर कब नांवाचें ६५ अश्वशक्तीचें हलकें विमान युद्धकाळांत शिकाऊ वैमानिकांसाठीं हजारोंनीं बांधलें गेलें होतें. युद्ध संपतांच तीं विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं. लहानशा कुरणांतूनहि तें उठतें. पशुवैद्य, विमान व वैमानिक हीं तिन्ही एकाच पिढीच्या हातीं अशीं एकदम आलीं.

त्यांतच १९४९ चा जानेवारी महिना उजाडला. नेब्रास्का, दक्षिण डाकोटा व वायोमिंग ह्या राज्यांवर अशीं हिमवादळें लोटलीं कीं रस्ते व रूळ आठवडेंच्या आठवडे बुजून राहिले आणि गुरें कुरणांतल्या कुरणांत कोंडलीं गेलीं. सरकारनें लष्करी विमानांतून वाळलेल्या गवताचे गठ्ठे कळपांवर टाकविले. परंतु घराघरांशीं संबंध राखिला तो गांवच्या लहान विमानांनीं. चाकांच्या जागीं बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या लावून तीं टपाल, पीठ, औषध व डॉक्टर घेऊन फिरलीं. त्या हिंवाळ्यानंतर विमानाला चैन म्हणणें त्या मुलखांत तरी कोणास शोभेना.

माणसांसाठीं अशी व्यवस्था ऑस्ट्रेलियांत त्याच्याहि आधीं, १९२८ सालीं, सुरू झाली होती. रेव्हरंड जॉन फ्लिन ह्यांच्या खटपटीनें क्लॉनकरी गांवाहून पहिला उडता डॉक्टर निघाला, आणि ती संस्था धर्मादाय व पुढें सरकारी पैशावर चालली. नेब्रास्कांतील गुरांच्या डॉक्टरामागें मात्र कोणी धर्मादाय उभा राहिला नाहीं. विमान त्यानें स्वतःच्या गांठचें घ्यावयाचें व ते स्वतःच चालवावयाचें. साधा परवाना मिळण्यास कायद्यानें निदान ४० तासांचें उड्डाण लागतें, आणि दर दोन वर्षांनीं शिक्षकासमोर पुन्हां उडून दाखवावें लागतें. ह्या परवान्यावर भाड्यानें उतारू नेतां येत नाहींत. आपल्या धंद्याच्या कामासाठीं आपण जाण्यास मात्र हरकत नाहीं. म्हणजे गुरांचा डॉक्टर हा स्वतःचाच सारथी.

कामाचें म्हणाल तर वर्षाचे दोन हंगाम जड जातात. पहिला शरद् ऋतूचा. वासरें आयांपासून तोडावयाचीं आणि गाई गाभण राहिल्या कीं नाहीं तें पाहावयाचें. खोड्यांतून एकामागून एक गाय येते. डॉक्टर हात घालून गर्भाशय चांचपतो व क्षणांत सांगतो. कसलेला हात ४०-४५ दिवसांचा गर्भ ओळखतो, आणि खोड्याची व्यवस्था चोख असेल तर अशा तीनचारशें गाई एका दिवसांत उरकतात. अलीकडे ध्वनिलहरींचें यंत्रहि वापरतात. जी गाय गाभण नाहीं तिला हिंवाळाभर गवत घालणें परवडत नाहीं, म्हणून ती बर्फ पडण्यापूर्वीं विकली जाते; डॉक्टराच्या एका शब्दावर मालकाच्या वर्षाचा जमाखर्च अवलंबून असतो. ह्या कामानें पुष्कळ डॉक्टरांचे खांदे पन्नाशीच्या आंतच निकामी होऊं लागतात. त्याच सुमारास कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस टोंचावयाची असते. अमेरिकेनें ह्या रोगाविरुद्ध १९३४ सालीं मोहीम उघडली. कालवड ४ ते १२ महिन्यांची असतांनाच ही लस द्यावी लागते. सरकारमान्य डॉक्टरानें स्वतःच ती द्यावी व कानांत बिल्ला घालून आंतून गोंदावें, असा दंडक आहे. लस जिवंत जंतूंची असल्यामुळें सुई चुकून स्वतःच्या बोटांत गेली तर तोच रोग डॉक्टरास होऊं शकतो. दंडक असा असल्यामुळें मनुष्य पाठवून किंवा दूरध्वनीवर सांगून भागत नाहीं. डॉक्टर तेथें उभा पाहिजे.

दुसरा हंगाम वसंताच्या तोंडाशीं, गाई विण्याचा. पहिलारू कालवड अडली म्हणजे घड्याळाकडे पाहावें लागतें. पाणमोट फुटून दोन तास झाले व वासरूं पुढें सरकलें नाहीं, तर पुढचा प्रत्येक तास वासराच्या व कालवडीच्या जिवावरचा असतो. पोट फाडून वासरूं काढावयाचें तर कालवड उभी ठेवून डाव्या कुशीला बधिर करून तास दीड तास काम चालतें, आणि तें बहुधा गोठवणाऱ्या थंडींत, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडांत. व्यायल्यावर मायांग बाहेर पडलें तर त्याहूनहि घाई. मार्च २०१९ मध्यें नेब्रास्कांत ऐन विण्याच्या दिवसांत वादळ व पूर एकदमच आले. त्यांत असंख्य वासरें दगावलीं. रस्ते व पूल वाहून गेले तेव्हां ज्याच्याजवळ विमान होतें तो निदान कळप कोठें अडकला आहे हें पाहूं तरी शकत होता.

आतां घराकडे वळूं. अशा डॉक्टराची बायको म्हणजे त्याच्या धंद्याची अर्धी भागीदारीण, हें तेथील कोणीहि सांगेल. बोलावणें तीच ऐकते. गाय किती वेळ कळा देते आहे हें विचारून घाई खरी कीं खोटी हें तीच ठरविते. औषधांचा साठा, उधारीची वही व विमान निघाल्याची वेळ तीच लिहून ठेविते. ठरल्या वेळीं तें परतलें नाहीं तर शोध सुरू करणें तिच्याच हातीं. मुलें दिवा धरावयास, दोरी ओढावयास जातात, आणि विमानांत शेजारच्या जागेवर बसून चौदाव्या वर्षापूर्वींच नकाशा वाचावयास शिकतात. आतां काळ पालटला आहे. अमेरिकेंतील पशुवैद्यकाच्या कॉलेजांत आज शंभरांत ऐशींहून अधिक विद्यार्थिनी आहेत. म्हणजे पुढच्या पिढींत विमान घेऊन जाणारी बहुधा ती असेल व घड्याळाकडे पाहत बसणारा तो असेल. त्यानें प्रश्नाचें स्वरूप बदलत नाहीं.

उड्डाणाची आवड ही निव्वळ सोयीपोटीं लागते असें मात्र समजूं नये. खालीं उतरला कीं प्रत्येकाला त्या डॉक्टराकडून कांहींतरी पाहिजे असतें. वर असतांना कोणी कांहीं मागत नाहीं. खालीं टेकड्यांच्या लाटा, पवनचक्क्यांच्या पायाशीं चकाकणारीं पाण्याचीं टांकीं, कोणत्या कुरणांत गवत खुरटलें आहे, कोणती गाय कळपापासून फटकून एकटी उभी आहे, हें सर्व एका दृष्टींत येतें. एकटी उभी राहिलेली गाय बहुधा आजारी किंवा वितणारी असते. म्हणजे ह्या मनुष्याची करमणूकहि अखेर धंद्यांतच येऊन मिळते! ही करमणूक त्याला किती आवश्यक आहे हें बाहेरच्यांना कळत नाहीं. अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या १९७९ ते २०१५ ह्या काळांतील मृत्यूंची सरकारी संशोधकांनीं छाननी केली, तेव्हां इतर लोकांच्या मानानें आत्महत्येचें प्रमाण पुरुष पशुवैद्यांत दुपटीहून किंचित् अधिक व स्त्री पशुवैद्यांत साडेतीनपट आढळून आलें. लांब तास, कर्जाचा बोजा, मरणारीं जनावरें आणि घरच्यांपासून तुटलेपणा, हीं कारणें सांगितलीं जातात. ज्याला संध्याकाळीं जाण्यासारखें घर आहे व रविवारीं जीव रमविण्यासारखा छंद आहे, तो मनुष्य ह्या गर्तेच्या कांठापासून दूर राहण्याचा संभव अधिक, असें आम्हांस वाटतें. तेव्हां ‘डॉक्टर विमान उडवीत बसतो’ असें नाक मुरडणाऱ्यांशीं आमचें जमणार नाहीं.

परंतु एका गोष्टीचें आम्हांस भय वाटतें, व ती सांगितल्यावांचून हें चित्र खरें होणार नाहीं. घराची ओढ आणि विमान हीं एका ठिकाणीं फार वाईट रीतीनें एकत्र येतात. दिवसभराचें काम आटोपलें आहे, पश्चिमेकडे ढग उतरले आहेत, घर चाळीस मिनिटांवर आहे, मुलाचा वाढदिवस आहे. अशा वेळीं उठूं नये असें शिक्षण सांगतें आणि उठावें असें मन सांगतें. वैमानिकांनीं ह्या मनोविकाराला थट्टेनें एका आजाराचें नांव देऊन टाकलें आहे. आपण त्याला घरओढीचा रोग म्हणूं. १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत एक प्रयोग झाला. ढगांत केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याचें शिक्षण नसलेले २० वैमानिक घेतले व त्यांस बाहेरचें क्षितिज दिसेनासें केलें. विसांपैकीं प्रत्येकाचा ताबा सुटला, आणि त्यास सरासरीनें लागलेला वेळ १७८ सेकंद, म्हणजे पुरतीं तीन मिनिटेंहि नाहींत. ज्याचें घरावर प्रेम नाहीं तो त्या रात्रीं पाहुण्याच्या घरीं खुशाल झोंपेल. धोका आहे तो प्रेम करणाऱ्यालाच.

ह्यावर उपाय काय? यंत्रांवर उडण्याचें शिक्षण घ्यावें हा एक, आणि आज पुष्कळ जण तें घेतात. परंतु आमच्या मतें खरा उपाय गुरांच्या मालकाच्या हातांत आहे, आणि हाच ह्या लेखाचा मुख्य मुद्दा होय. डॉक्टर उशिरां निघतो तो बहुतेक वेळां मालकामुळें. सकाळीं नऊला कळप खोड्यापाशीं आणून ठेवावयाचा तो अकरापर्यंत कुरणांतच असतो. खोड्याची कडी मोडलेली असते. तीनशें गाई सांगितलेल्या असतात, त्या चारशें निघतात. शिवाय ‘आलांच आहांत तर’ घोडीचा पाय आणि कुत्र्याचा कानहि पाहावयाचा असतो. मग सूर्य खालीं जातो, वारा फिरतो, आणि ज्यानें हे दोन तास खाल्ले तोच मालक निरोप देतांना ‘संभाळून जा’ म्हणून हात हलवितो. संभाळावयाचें तें सकाळींच होतें. जो मालक आदल्या रात्रीं कळप आवारांत घेतो, पट्टीवरचें गवत कापून ठेवितो, हवा बिघडली तर डॉक्टरासाठीं अंथरूण घालतो व त्याच्या घरीं स्वतः निरोप पोंचवितो, त्याच्या गुरांना डॉक्टर जन्मभर मिळतो. दुसऱ्याच्या बाबतींत असें होतें कीं कांहीं वर्षांनीं त्या घरीं जाण्यास कोणी डॉक्टरच उरत नाहीं.

आणि खरोखरच डॉक्टर उरत नाहींत, हें आजचें तेथील दुखणें आहे. अमेरिकेंतील पशुवैद्यांपैकीं शंभरांत दहांहूनहि कमी लोक गाईगुरांचा धंदा करतात. बाकीचे शहरांत कुत्र्यामांजरांकडे वळतात. तेथें तास ठरलेले, पैसा अधिक, रात्रीं झोंप. कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर दीड लाख डॉलरांच्या घरांत कर्ज असतें. सरकारनें २००३ सालीं कायदा करून, जो डॉक्टर वाण असलेल्या प्रदेशांत तीन वर्षें राहील त्याचें कर्ज कांहीं अंशीं फेडण्याची योजना केली. पहिलीं माणसें तींत २०१० सालीं घेतलीं गेलीं. नेब्रास्कानें २००७ पासून शेजारच्या आयोवा राज्याच्या विद्यापीठाशीं सहकार्य करून पहिलीं दोन वर्षें आपल्याकडे शिकविण्याची सोय केली, हेतु हा कीं मुलें आपल्या मुलखाशीं बांधलेलीं राहावीं. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण कर्ज फिटल्यावर चौथ्या वर्षीं तो मनुष्य तेथें कां राहील, ह्याचें उत्तर कर्जाच्या कागदावर नसतें. जोडीदाराला काम आहे का, मुलांना शाळा आहे का, महिन्यांतून दोन रविवार दुसरा कोणी डॉक्टर बोलावणीं घेतो का, ह्यावर तें ठरतें.

आमचे वाचक म्हणतील, हें सर्व नेब्रास्कांत. आम्हांस विमान नको, रस्ते आहेत. खरें आहे. आपली अडचण अंतराची नाहीं, संख्येची आहे. राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं पांच हजार गुरांमागें एक डॉक्टर असें मान सुचविलें होतें. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत गाईबैलच सुमारें १ कोटी ४० लाख व म्हशी ५६ लाख भरल्या. मागणी व डॉक्टर ह्यांचा मेळ बसत नाहीं हें दवाखान्याच्या दारीं उभें राहिलें कीं दिसतें. २०२२ सालीं लम्पी रोगाची सांथ आली, तेव्हां डॉक्टरांनीं व परिचरांनीं गोठोगोठीं फिरून लस टोंचली. १९६२ ह्या क्रमांकावर बोलावतां येणारीं फिरतीं पथकें आलीं, हेंहि चांगलें झालें. सांसर्गिक गर्भपाताची लस आपल्याकडेहि २०१९ पासून केंद्राच्या मोहिमेंतून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना दिली जाते. पण गाडी पाठविली म्हणजे तींत बसणारा मनुष्य आपोआप टिकतो असें नाहीं. आपल्याकडील तालुक्याच्या दवाखान्यांतला डॉक्टर आपलें बिऱ्हाड जिल्ह्याच्या गांवीं ठेवून रोज जाऊनयेऊन नोकरी करतो म्हणून आपण त्यास नांवें ठेवितों. त्यानें कुटुंब आणावें अशी जागा आपण त्यास दाखविली आहे काय?

आणि आपलींहि बोलावणीं कशीं असतात तें पाहावें. म्हैस सकाळपासून कळा देत असते. दिवसभर शेजारी, जाणते, मंत्रवाले येऊन जातात. चारजण मिळून वासराचा पाय ओढून पाहतात. आणि रात्रीं अकराला डॉक्टराच्या दारावर थाप पडते. तोंवर वासरूं मेलेलें, मायांग फाटलेलें, आणि डॉक्टराच्या हातीं अपयश व त्याच्या घरच्यांच्या हातीं एक जागरण. सकाळीं नऊला बोलाविलें असतें तर म्हैस वांचली असती व तो दुपारच्या जेवणाला घरीं असता. नेब्रास्कांतील रँचवाला डॉक्टराचे दोन तास खातो तेव्हां ढगांचा धोका वाढतो. आपण खातों तेव्हां धोका दिसत नाहीं, इतकाच फरक.

म्हणून आमच्या सभासदांपुढें आम्ही तीन गोष्टी ठेवीत आहों. प्रत्येक गांवच्या शाखेनें येत्या दसऱ्यापूर्वीं एक मजबूत सामाईक खोडा, पाणी व दिवा असलेल्या जागीं उभारावा. लांकडाचा चालेल, पण कडी शाबूत हवी. लसीच्या दिवशीं गुरें आदल्या संध्याकाळीं गोठ्यांत बांधलेलीं असावींत, रानांत नव्हेत. आणि शेजारच्या दोन तालुक्यांच्या डॉक्टरांनीं रविवार व सण आळीपाळीनें वांटून घ्यावेत, म्हणजे एकाला तरी निश्चिंतपणें घरीं बसतां येईल, अशी विनंति पशुसंवर्धन खात्याकडे तालुकानिहाय सह्यांनीं जावी. त्या अर्जाचा मसुदा आमच्या कचेरींत तयार आहे. ज्या शाखांस तो पाहिजे असेल त्यांनीं पोस्टानें मागवावा. टपालखर्च आम्ही सोसूं.